जहाज आठ तास थांबणार, उतरून करायचं काय?

प्रश्न (परभणीहून एक वाचक भगिनी): आम्ही चौघं दिवाळीनंतर सिंगापूरहून क्रूझला जायलोत, मधे मलेशियाचं पेनांग बेट आणि थायलंडचं फुकेत आहे. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे धरतात आणि पक्क्या शाकाहारी. जहाजवाले पेनांगच्या टूर विकायलेत, माणशी रेट ऐकून डोकं गरगरलं. मिस्टर म्हणायलेत उतरायचंच नाही, हरवलो तर काय. मग काय बाल्कनीत बसून बेट बघायचं का?

उत्तर: ताई, आधी मिस्टरांना सांगा की पेनांगला हरवणं अवघड आहे. काही बंदरांवर धक्का एकीकडं आणि गाव कुठंतरी लांब असतं, तिथं टूर घेतलेली बरी. पण पेनांगचा स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाऊन गावाला चिकटूनच आहे, गेटातून बाहेर पडलं की समोर घड्याळाचा पांढरा टॉवर दिसतो, राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीला ६० वर्षं झाली म्हणून ६० फुटांचा बांधलेला. त्याच्या बाजूला कॉर्नवॉलिसचा किल्ला. देवगिरी बघितलेल्या माणसानं त्याला किल्ला म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, मी बाहेरूनच बघितला आणि पुढं गेलो.

मी आई आणि मावशीला घेऊन गेलो होतो, मावशीचे गुडघे तुमच्या सासूबाईंसारखेच. त्यांच्यासाठी सायकल रिक्षा करा, प्लॅस्टिकच्या फुलांनी सजवलेल्या असतात, तासावर ठरवायची आणि भाव आधीच बोलून घ्यायचा. एक मात्र सांगून ठेवा, तिथं माणसं पुढं बसतात आणि चालवणारा मागं. मावशीच्या पुढं ना हँडल ना काही, समोरून बस आली की ती डोळे झाकून पांडुरंग पांडुरंग करायची, पण उतरायचं म्हटलं की म्हणायची अजून एक चक्कर होऊ दे.

रिक्षानं आधी लिटल इंडिया, म्हणजे तिथली भारतीय वस्ती गाठा. क्वीन स्ट्रीटवर मरिअम्मनचं देऊळ आहे, १८३३ सालचं, बाहेर मोगऱ्याचे गजरे विकायला असतात. सासूबाईंचं जेवणही इथंच, केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या, पापड, इडली-डोसा तर कुठंही मिळतो. बाकीच्या गावात शाकाहारी माणसानं जरा जपून राहायचं, कारण तिथल्या प्रसिद्ध नूडल्स म्हणजे चार क्वे तियो, त्या पूर्वापार डुकराच्या चरबीवर परततात, आसाम लक्सा म्हणजे आंबट नूडल्स, त्या माशाच्या रश्श्यातल्या, आणि नुसती भाजी दिसली तरी तिच्यात कोळंबीची चटणी असू शकते. "व्हेज आहे का" विचारलं की हो म्हणतात हो, त्यांच्या हिशोबानं मटण नाही म्हणजे व्हेजच. प्रॉन पेस्ट आहे का, फिश सॉस आहे का, असं नाव घेऊनच विचारा.

जेवणाआधी वेळ असेल तर आर्मेनियन स्ट्रीट. भिंतीवर सायकलवरची दोन लेकरं रंगवलेली आहेत आणि सायकल मात्र खरीखुरी, जुनी, भिंतीला ठोकलेली. २०१२ साली अर्नेस्ट झाखारेविच नावाच्या लिथुआनियाच्या चित्रकारानं काढलीत. फोटोला लाईन असते, लवकर जा. तिथून च्यू जेट्टी जवळ आहे, समुद्रात खांब रोवून वर लाकडी घरं, च्यू आडनावाच्या चिनी लोकांची भावकीच म्हणा ना. पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून पाणी हलताना दिसतं. लोक तिथं राहतात, म्हणून कुणाच्या दारात डोकवायचं नाही.

पेनांग हिलचं विचारलं नाही पण विचारालच. डोंगर आठशे मीटरच्या वर, १९२३ पासून वर जायला रेल्वे आहे, वर गार वाटतं. पण धक्क्यापासून लांब आहे आणि तिकिटाला लाईन, सकाळी उतरल्या उतरल्या टॅक्सीनं थेट गेलात तरच जमेल. हिल आणि गाव दोन्ही करायला जाल तर सासूबाई बोलणं सोडतील. मी तर गावच निवडीन.

आणि आपल्या उन्हाच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडं ४२ ला सावलीत बसलं की घाम वाळतो, तिथं ३१-३२ असतं पण घाम वाळतच नाही, तासाभरात सगळे चिंब. सुती कपडे, एक पंचा, पाणी, आणि छत्री नक्की, दिवाळीच्या सुमाराला तिथं पाऊस धो धो असतो. बऱ्याच जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात, म्हणून त्याची झेरॉक्स आणि जहाजाचं कार्ड जवळ ठेवा. जहाज परत सिंगापूरलाच येणार, तेव्हा तिथला व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, म्हणजे पुन्हा आत येता येईल असा आहे ना ते आजच बघा.

प्रश्न (अंबाजोगाईहून एक काका): फुकेतला स्वतःच फिरलो आणि उशीर झाला तर जहाज थांबतं का?

उत्तर: नाही काका. जहाजाची टूर घेतली असेल तर सहसा थांबतात, आपलं आपण फिरलो तर निघून जातं, पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपल्या खिशातून. फुकेतला जास्तच जपा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे, फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि जहाज बहुतेक सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. मी फोनवर चार बघून फुकेतच्या पातोंग किनाऱ्यावर वाळूत निवांत नारळपाणी पीत बसलो होतो आणि जहाजावर पाच वाजलेले. पातोंगला जहाज खाडीत लांब उभं असतं, छोट्या बोटीनं ने-आण, त्यामुळं शेवटची बोट म्हणजेच शेवटची वेळ. पळालो, चपला हातात घेऊन पळालो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून घाला आणि फोनकडं बघूच नका. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून बिल येतं ते वेगळंच.

प्रश्न (उदगीर): पेनांगहून आणण्यासारखं काय?

उत्तर: जायफळ. पुरणात आपण किसून घालतो ती फक्त आतली बी, तिच्यावरची लाल जाळी म्हणजे जायपत्री, आणि ह्या सगळ्याच्या बाहेर पिवळसर जाड गराचं फळ असतं ते आपल्याकडं कुणी बघितलेलंच नसतं. पेनांगला त्या गराचं सरबत करतात, साखरेत मुरवून वाळवतात. ताजं फळ आणू नका, विमानतळावर अडवतील, वाळवलेलं पाकीटबंद आणा. आईनं गल्लीतल्या बायकांना एकेक फोड देऊन ओळखा म्हटलं, कुणी आवळा म्हणालं, कुणी आलेपाक, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या औषध दिसतंय, पण आहे चांगलं, अजून एक दे.