बांगडी घट्ट व्हायला लागली की समज

अगं ताई, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर खांदा आखडला, हात सुजेल का म्हणून घाबरू नकोस, खांदा आखडतोच. माझं पण ऑपरेशननंतर वेणी घालायला हात वर जायचा नाही, ब्लाऊजचं हूक तर लांबच. फिजिओने भिंतीवर बोटं चढवत न्यायला शिकवलं, रोज पेन्सिलीने खूण करायची, आधी कमरेएवढी मग हळूहळू डोक्याच्या वर. ताण बसला तर ठीक, कळ आली की थांब.

हाताच्या सुजेचं वेगळं आहे, काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या की लिम्फचं, म्हणजे अंगात फिरणारं पातळ, पाणी वाहायची वाट कमी होते आणि ते हातात साठतं, कधी कधी वर्षांनी पण. मला आधी बांगडी घट्ट लागली आणि मी म्हटलं जाड झाले असेन, तसलं करू नकोस, लगेच दाखव. स्लीव्ह, म्हणजे सूज दाबून धरणारी हाताची घट्ट बाही, मापाचीच घे, सैल पडली की बदल. आणि प्रेमाने कोणी तेल लावून जोरात रगडून देते म्हटली तर हात जोड, लिम्फचा मसाज अगदी हलका असतो, कातडी जेमतेम सरकते एवढाच, तो शिकूनच कर. भाकरी करताना चटका जप. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठ, इन्फेक्शन असू शकतं.