गावात प्रॅक्टिस करायचीय? मग कॉलेज असं निवड
नीटचा स्कोअर आला की सगळे आधी मुंबई-पुण्याची नावं घेतात, पण तुला खरंच फॅमिली डॉक्टर व्हायचं असेल तर कटऑफच्या आधी ओपीडी बघ. मोठ्या हॉस्पिटलात रेफर होऊन आलेल्या अवघड केसेस भरपूर दिसतात, पण एकाच घरातलं बीपी, शुगर, पोरांचं लसीकरण वर्षानुवर्षं कसं सांभाळायचं ते तिथे फारसं कळत नाही. माझं मत विचारशील तर सेवाग्रामचं एमजीआयएमएस (महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) यादीत वर ठेव. १९६९ पासूनचं कॉलेज, प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथे राहून कॅम्प करायचा, घरोघरी जायचं, पुढेही तीच कुटुंबं बघत राहायची, मग आजीचं बीपी का उतरत नाही ते तिच्या ताटातलं लोणचं बघून कळतं. आता फॅमिली अडॉप्शन, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायचं, हे सगळ्याच कॉलेजांना लागू आहे, पण काही ठिकाणी नुसत्या लॉगबुकात सह्या होतात, म्हणून सेकंड इयरच्या पोरांना गाठून विचार की गावात शेवटचं कधी गेला होतात, पीएसएमचे (सामाजिक आरोग्य शिकवणाऱ्या विभागाचे) सर सोबत येतात का, इंटर्न्सना पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पेशंट बघू देतात का. आणि फी नीट बघ रे, डोक्यावर कर्ज असलं की गावात दवाखाना टाकायची हिंमतच होत नाही.