पादचारी पुलावरची बाग: मातीची खोली, निचरा आणि झाडांच्या जागा

तुमचा पूल 4 मीटर रुंद, अभियंत्याने चौरस मीटरला 500 किलो जादा भार मंजूर केलाय आणि तुम्हाला सगळीकडे 60 सेंमी माती घालून झाडं लावायचीत. हे बसत नाही. आधी अभियंत्याला एकच विचारा: हे 500 किलो माणसांच्या गर्दीचा भार धरून आहेत की सोडून? धरून असतील, तर ते गर्दीतच संपतात; वाफ्यांचा विचार इथेच थांबवा.

सोडून असतील, तर हिशोब नेहमी चिंब ओल्या मातीचा करा. साधी बागेची माती भिजली की घनमीटरला 1800 ते 2000 किलो भरते, म्हणजे 25 सेंमीतच तुमची मर्यादा जवळपास संपली. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा विटांचा चुरा, कोकोपीट आणि थोडं कंपोस्ट असं हलकं मिश्रण साधारण 1200 धरा. 30 सेंमीचे 360 किलो, वर निचऱ्याचा थर, कडा आणि झाडोरा, हे जमतं. कंपोस्ट मात्र सढळ हाताने नको. ते कुजतं, माती दोन वर्षांत खाली बसते आणि मुळं उघडी पडतात.

न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे (जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची बाग) फोटो दाखवून कोणी आग्रह धरला, तर तो मुळात मालगाड्यांसाठी बांधलेला पूल आहे हे सांगा.

30 सेंमीत गवतं, कंदवर्गीय आणि बुटकी बहुवर्षायू झाडं छान येतात. झुडपांना 45 ते 60 हवेत. मोठं झाड हवंच असेल तर खांबाच्या डोक्यावर, गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या भागाच्या) मध्यावर कधीच नाही. दीड बाय दीड मीटरचा, 90 सेंमी खोल खड्डा म्हणजे ओली माती जवळपास 2400 किलो, झाड वेगळं. एवढा भार त्या जागी चालेल, हे लेखी घ्या. आधाराला काठ्या ठोकू नका; हलक्या मातीत त्या धरत नाहीत आणि खालचा जलरोधक थर फुटतो. मुळांचा गोळा पट्ट्यांनी मातीखालच्या जाळीला बांधा.

थरांचा क्रम खालून वर: जलरोधक थर, मुळं अडवणारी शीट, संरक्षक मॅट, निचऱ्याची शीट, जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), माती. माती चढवण्यापूर्वी 48 तास पाणी साठवून गळती तपासा. नंतर गळती निघाली तर सगळी बाग उपसावी लागते. प्रत्येक निचरा-तोंडावर झाकण उघडता येईल अशी पेटी हवी. ते मातीखाली गाडलं की पहिल्या मोठ्या पावसात वाफ्याचं डबकं होतं. प्रसरण सांध्यावरून (उष्णतेने पूल फुगतो-आकसतो, त्यासाठी ठेवलेली फट) वाफा सलग नेऊ नका, दोन वाफे करा.

पुलावर वारा वरून-खालून दोन्हीकडून लागतो, त्यामुळे माती जमिनीपेक्षा लवकर सुकते. ठिबक हवंच: 30 सेंमीवर ताशी 2 लिटरचे ड्रीपर, उन्हाचा आणि सावलीचा भाग वेगळ्या व्हॉल्व्हवर. थोडंथोडं, पण वारंवार पाणी.

आणि कठड्याला चिकटून वाफा नको. मुलं वाफ्याच्या काठावर चढतात आणि कठड्याची उंची तिथून मोजावी लागते, हे आराखड्यात सर्रास सुटतं.

माती चढवताना सगळे ढीग एकाच गाळ्यावर टाकू देऊ नका. कंत्राटदाराला ते सोयीचं असतं, पण मीटरभर उंच ढिगाचा भार मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतो.