आयडाहोचं ‘रत्न’ आणि आगबोट

प्रश्न असा : ‘स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं नाव म्हणजे रेड इंडियन भाषेत “पर्वतांचं रत्न” असं दिलं आहे. ते बरोबर आहे का? आणि लिहायचं आयडाहो की इडाहो?’

लिहायचं आयडाहोच. अर्थ मात्र चूक आहे, आणि दुहेरी चूक आहे. ‘रेड इंडियन’ नावाची भाषाच नाही. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या असंख्य जमातींवर गोऱ्यांनी मारलेला तो सरसकट शिक्का. आणि ज्या शोशोनी भाषेच्या नावावर हे रत्न खपवतात, तिच्यात असा शब्द नाही. तरी प्रश्नमंजूषावाले, सहलीच्या जाहिराती आणि मुलगा अमेरिकेत असलेले शेजारचे काका हेच सांगत सुटतात. राज्याला ‘रत्नराज्य’ म्हणतात हे खरं, पण तेही याच थापेचं अपत्य.

राज्य डोंगराळ आहे याबद्दल वाद नाही. रॉकी पर्वताच्या रांगा, सर्वांत उंच बोरा शिखर ३,८५९ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी पुरायची नाही. १८९० साली त्रेचाळिसावं राज्य झालं. २०२० च्या जनगणनेत वस्ती साडेअठरा लाखांच्या आत. राजधानी बॉयसी (बॉइझी म्हटलेलं तिथल्या लोकांना खपत नाही). बटाटा अमेरिकेत सर्वांत जास्त इथे पिकतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता मुद्द्याचं.

आजच्या कोलोरॅडो राज्यातल्या पाइक्स पीक या डोंगराच्या आसपास सोनं सापडलं, माणसं लोटली, आणि त्या मुलखाचा वेगळा प्रांत करताना ‘आयडाहो’ हे नाव पुढे आलं. ते मीच घडवलं, असा दावा जॉर्ज विलिंग नावाच्या एका खटपट्या गृहस्थाने पुढे केला. नाव बनावट असल्याची कुणकुण लागली तेव्हा १८६१ मध्ये सिनेटने ऐनवेळी ते खोडून स्पॅनिश ‘कोलोरॅडो’, म्हणजे तांबूस, हे नाव लावलं. (ज्या नदीवरून ते घेतलं, तिला खुद्द त्या राज्यात १९२१ पर्यंत ग्रँड नदी म्हणत. असो.)

आता १८६३. वायव्येकडे आणखी एक प्रांत काढायचा होता आणि विधेयकात नाव होतं मोंटाना. कोलोरॅडोच्या वेळी ‘आयडाहो’ खोडायला लावणारे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री विल्सन, तेच उठले आणि म्हणाले, मोंटाना काढा, आयडाहो घाला! ऑरेगनच्या हार्डिंगनी री ओढली : मोंटानाला काही अर्थच नाही, आयडाहोला आहे, पर्वतांचं रत्न. लॅटिनमध्ये सरळ ‘डोंगराळ’ असा अर्थ देणारा शब्द निरर्थक ठरला आणि मुळात अर्थच नसलेला शब्द सार्थ! लोकव्युत्पत्तीचा असा सरकारी विजय मी दुसरा पाहिलेला नाही.

माझं म्हणणं असं की सिनेटने तेव्हा काही केलं नसतं तरी हे नाव टिकलंच असतं, कारण ते आगबोटीवर चढून आलं होतं. १८६० मध्ये कोलंबिया नदीवर ‘आयडाहो’ नावाची आगबोट सुरू झाली. त्याच सुमारास आजच्या आयडाहोतल्या क्लिअरवॉटर नदीच्या खोऱ्यात सोनं निघालं आणि खाणवाले याच जलमार्गाने वर जाऊ लागले. १८६१ अखेर वॉशिंग्टन प्रांतात आयडाहो नावाची काउंटीही (म्हणजे जिल्हा) झाली. शब्द रुळतो तो असा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडी बसून. अर्थाची पाटी मागाहून लावतात. काही पंडितांना मात्र मूळ सापडल्याशिवाय झोप येत नाही. कोणी अपाचींचा कोमांचींसाठी असलेला ‘इदाही’सारखा शब्द पुढे करतो, कोणी ‘ई-डा-हाऊ’ म्हणजे डोंगरावरून ऊन उतरलं असं सांगतो. कानाला जुळलं की व्युत्पत्ती होत नाही, महाराज! या न्यायाने बटाट्याच्या ढिगाआडून येणारं ‘आई, दहा हो’ हेही मूळ मानावं लागेल.

खरी, साधार व्युत्पत्ती हवी तर राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात चला. तिथे ओवायही काउंटी आहे, ओवायही डोंगर आहेत, ओवायही नदी आहे. कुठल्या जमातीचा शब्द? समुद्रापार हजारो किलोमीटरवरच्या बेटांचा! ओवायही म्हणजे हवाई. हवाईच्या भाषेत नाव सांगताना त्याआधी ‘ओ’ लागतो. कॅप्टन कुकच्या मंडळींनी तो नावाचाच भाग समजून लिहून घेतला, जसा अरबी ‘अल्’ अल्कोहोलमध्ये मुक्कामाला राहिला. केसाळ कातड्यांच्या व्यापारात हवाईचे लोक नोकरीला असत. डोनल्ड मॅकेंझीच्या मोहिमेतले असे काही जण १८१९ च्या सुमारास ही नदी धुंडाळायला गेले ते परतलेच नाहीत, आणि त्यांच्या मुलखाचं नाव नदीला मिळालं. पुढे बेटांचं स्पेलिंग सुधारलं, नदीचं जुनंच राहिलं. नकाशावरून उतरवून घेणारे मराठीत ‘ओविही’ लिहितात, ते सोडा. उच्चार हवाईला धरून ओवायही असाच आहे.