गुडघेदुखीच्या गोळीनं आईच्या पोटात जळजळ होते, काय करावं?

डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीनं आईंचा गुडघा हलका होतो पण पोट जळतं, याचा दोष फक्त कोल्हापुरी तिखटाला देऊ नका. शरीरातली सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं ही गोळी कमी करते, आणि त्यांतलीच काही जठराचं अस्तर जपत असतात. म्हणून तर इंजेक्शन घेतलं तरी पोटाला त्रास होऊ शकतो. आधी गुडघ्यावर डायक्लोफिनॅक जेल लावून बघा. त्यातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. गोळी लागलीच तर जेवणानंतरच. सोबत पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल हवं का, डॉक्टरांना विचारा. ते नाश्त्याआधी अर्धा तास घेतात. अ‍ॅस्पिरिन चालू असेल, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. मेडिकलमधून दुसरी वेदनाशामक गोळी मात्र आणू नका. शौच डांबरासारखी काळी झाली तर गोळी थांबवून लगेच कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय गाठा.