ट्रायलला हो म्हणायचं का? गोळी थांबवणं, प्लासिबो आणि भावाचं स्टेम सेल

तुमची पोस्ट दोनदा वाचली. म्हणजे बाबा ६८ चे, पार्किन्सन्सचं निदान नवीनच, अजून सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपा ही या आजाराची मुख्य गोळी, सुरू नाही, हॉस्पिटलवाले म्हणतायत एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये या पण त्यासाठी काही महिने लेव्होडोपा घ्यायचा नाही, बाबा म्हणतायत मी कुणाचा उंदीर होणार नाही, आणि भाऊ म्हणतोय हे सगळं सोडा, पैसे भरून स्टेम सेल (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी टोचायचा उपचार) करून टाकू. तिन्हीवर लिहिते, लांबेल. आमच्या ह्यांना २०१२ पासून पार्किन्सन्स आहे, मधे एका ट्रायलमध्येही होते, आणि माझी नोकरी बँकेतली त्यामुळे बारीक अक्षरातले कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. डॉक्टर नाही मी, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी गोळी थांबवण्याचं. लेव्होडोपा उशिरा सुरू केला तर नुकसान होतं का, यावर नेदरलँड्समध्ये लीप नावाचा अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला. ४४५ नवे पेशंट, एका गटाला सुरुवातीपासून लेव्होडोपा, दुसऱ्याला ४० आठवडे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि मग लेव्होडोपा. ८० आठवड्यांनी तपासलं तर दोन्ही गट सारखेच. लवकर घेतल्याने आजार मंदावला नाही आणि थांबल्याने वाढलाही नाही. पण ते पहिले ४० आठवडे ज्यांना खरी गोळी होती त्यांचे दिवस बरे गेले हे उघड आहे, आणि थांबलेल्यांपैकी ज्यांना मधेच झेपेना त्यांना औषध दिलं गेलं, कुणाला अडवून ठेवलं नाही. तुम्ही ट्रायलवाल्यांना नेमकं हेच विचारायचं, की बाबांना तिसऱ्या महिन्यात अंघोळसुद्धा स्वतःची स्वतः जमेना झाली तर लेव्होडोपा लगेच मिळणार का, आणि ते ठरवणार कोण.

याच्या उलट बाजूची एक समजूत आपल्याकडे फार आहे, की गोळी लवकर सुरू केली तर तिचा असर लवकर संपतो, म्हणून जेवढी ढकलता येईल तेवढी ढकला. माझ्या जावेने ह्यांच्या वेळी हेच डोक्यात भरवलं होतं. तर यावर घानामधला एक अभ्यास आहे, २०१४ चा. तिथे लोकांना औषध परवडत नाही किंवा मिळतच नाही, त्यामुळे ते सरासरी चार वर्षांनी सुरू होतं. इटलीत त्या मानाने खूप लवकर. तरी गोळीचा असर कमी-जास्त होणं आणि अंग आपोआप वळवळणं हे दोन्हीकडे आजाराची साधारण तेवढीच वर्षं झाल्यावर सुरू झालं. म्हणजे गोळी किती वर्षं घेतली याच्यापेक्षा आजार किती जुना आणि डोस किती मोठा यावर ते जास्त अवलंबून. त्यामुळे गोळी वाचवून ठेवून काही साठत नाही.

तेव्हा बाबांना आत्ता काय अडतंय ते बघा. सही बारीक झालीय, एका हाताला थोडा कंप आहे, पण बाकी सगळं जमतंय असं असेल तर काही महिने थांबणं ठीक आहे. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, खुर्चीतून उठताना दुसऱ्याचा हात लागतो, चारचौघात जायला नको म्हणतात, असं असेल तर मी तरी ट्रायलसाठी गोळी रोखणार नाही. औषध चालू असलेल्यांसाठीही ट्रायल असतात, हीच एक शेवटची गाडी आहे असं अजिबात नाही.

आता उंदीर. बाबांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, आपल्याकडे पूर्वी काही ठिकाणी लोकांना न सांगता औषधं दिल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. पण ट्रायलसाठीचे २०१९ चे नवे नियम बऱ्यापैकी कडक आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत संमतीपत्र, ट्रायलमुळे काही इजा झाली तर फुकट उपचार आणि नुकसानभरपाई, आणि कारण न देता कधीही बाहेर पडायचा हक्क, बाहेर पडलात म्हणून हॉस्पिटलचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा, देतात. घरी आणून चार दिवस वाचा. तिथल्या तिथे सही करा म्हणून कुणी घाई करत असेल तर मी तिथूनच परत फिरेन.

प्लासिबो, म्हणजे ती औषध नसलेली गोळी, मिळालं तर फसवणूक झाली असं वाटतं ना? ह्यांनाही वाटलं होतं. पण पार्किन्सन्सची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी आहे की यात नुसत्या आशेनेसुद्धा माणूस खरोखर बरा चालतो. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या लोकांनी पेट स्कॅन (मेंदूत आत काय चाललंय ते दाखवणारी तपासणी) करून दाखवलं की औषध मिळणार या अपेक्षेनेच पेशंटच्या मेंदूत डोपामिन सुटतं, तेच डोपामिन ज्याची कमतरता हा आजार. म्हणजे मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही, फक्त ते टिकत नाही. म्हणून या आजारात तुलनेचा गट नसेल तर कुठलंही औषध पहिले काही महिने चांगलंच दिसणार.

आणि हे तुमच्या भावाला वाचून दाखवा. अमेरिकेत १२ पेशंटवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापला. दोन इंजेक्शनं, एक १०० डॉलरचं आणि एक १५०० डॉलरचं असं सांगून दिली. दोन्हींत नुसतं सलाईन. महागड्या सलाईनने लोकांच्या हालचाली स्वस्त सलाईनपेक्षा जास्त सुधारल्या! त्यामुळे "एवढे पैसे घेतात म्हणजे काहीतरी असणारच" आणि "अमक्याचे काका स्टेम सेलनंतर चालायला लागले" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात आणि तरी उपचारात काही नसू शकतं. काका खोटं बोलत नाहीत. सहा महिन्यांनी काकांना परत फोन करा.

स्टेम सेलमध्ये काहीच नाही असं मात्र मी म्हणत नाही, उलट मी त्याच्याकडे डोळे लावून बसलेय. पण त्याचा इतिहास बघा. १९९० च्या दशकात अमेरिकेत ४० पेशंट घेऊन गर्भातल्या पेशी मेंदूत बसवायचा प्रयोग झाला, निम्म्यांना पेशी, निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडून काही न घालता बंद. ऐकून अंगावर काटा येतो, पण २००१ मध्ये निकाल आला तेव्हा कळलं की पेशंटना स्वतःला किती बरं वाटतं याच्यात दोन गटांत धड फरक नाही, आणि पेशी बसवलेल्यांपैकी १५ टक्के लोकांना गोळी बंद असतानाही वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या. पुढे २००४ मध्ये त्यातल्याच काहींना विचारून पाहिलं, तर ज्यांना वाटत होतं की आपल्याला पेशी मिळाल्या ते जास्त सुखी होते, प्रत्यक्षात मिळाल्या असोत वा नसोत. ती खोटी भोकं पाडली नसती तर हजारो लोकांच्या डोक्यात ते ऑपरेशन होऊन बसलं असतं.

आता २०२५ मध्ये दोन नवे अहवाल आले, एक अमेरिका-कॅनडातला १२ पेशंटचा आणि एक जपानात क्योतोचा ७ जणांचा. प्रयोगशाळेत तयार केलेल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या अवस्थेतल्या पेशी थेट मेंदूत बसवल्या, सोबत त्या शरीराने नाकारू नयेत म्हणून औषधं. मुख्यतः सुरक्षित आहे का एवढंच बघायचं होतं, त्यात पास झाले, काहींत सुधारणाही दिसली. अमेरिकेतलं आता तिसऱ्या टप्प्यात गेलंय, तिथे परत खोट्या ऑपरेशनचा गट आहेच. आणि तुमच्या भावाला जे विकतायत ते बहुतेक पेशंटच्याच हाडातल्या किंवा चरबीतल्या पेशी काढून कमरेत नाहीतर शिरेत टोचणं असणार, दोन्हींचा संबंध नावापुरता. आयसीएमआर, म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदवलेल्या ट्रायलमध्येच द्यायचे, उपचार म्हणून विकायचे नाहीत. सोपी ओळख सांगते, ट्रायल म्हणतात आणि वर औषधाचे पैसे मागतात, तिथे पाऊल ठेवू नका.

तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर मागून घ्या. २००९ पासून भारतातली प्रत्येक ट्रायल तिथे आधी नोंदवावी लागते, वेबसाइट कुणालाही बघता येते, कोण पैसे घालतंय, टप्पा कितवा, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात आहे सगळं दिसतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. को-क्यू-टेन ही पूरक गोळी आपल्याकडे अजून सर्रास लिहून देतात, त्याची ६०० पेशंटची ट्रायल मधेच थांबवली कारण उपयोग दिसेना. क्रिएटिनची तर १,७४१ लोकांवर, तेही शून्य. डायबिटीसच्या इंजेक्शनांवर सगळ्यांची भिस्त होती, एक्सेनाटाइड २०१७ मध्ये ६२ लोकांत चांगलं दिसलं आणि २०२५ मध्ये १९४ लोकांवर जवळपास दोन वर्षं देऊन काहीच फरक नाही. त्याच जातीचं लिक्सिसेनाटाइड फ्रान्समध्ये १५६ जणांना वर्षभर दिलं, तिथे हालचालींच्या १३२ गुणांच्या मोजपट्टीवर ३ गुणांचा फरक पडला, पण जवळजवळ निम्म्यांना मळमळ. आजार थांबवणारं औषध अजून नाही, तेव्हा बाबांनी ट्रायलमध्ये जायचं ते बरं व्हायला नव्हे.

मग मिळतं काय? आम्हाला मिळालं ते म्हणजे लक्ष. एरवी ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, तिथे तासभर बसून तपासायचे, बोटं आपटून दाखवा, मागून ओढल्यावर तोल सावरतो का बघू, झोप कशी, बद्धकोष्ठ आहे का, स्वप्नात हातपाय झाडता का. ते शेवटचं कुणी आधी विचारलंच नव्हतं. त्रासही आहे. बाबा पुढे लेव्होडोपावर गेले की काही तपासण्या ऑफमध्ये करतात, म्हणजे आदल्या रात्रीपासून बारा तास गोळी न घेता सकाळी हजर व्हायचं. गावाहून तशा अवस्थेत माणूस आणणं फार कठीण, ह्यांना जिना उतरवायला शेजारचा मुलगा लागायचा. त्यामुळे आदल्या रात्री राहायची सोय आणि प्रवासखर्च कोण देणार हे लेखी घ्या. दर अर्ध्या तासाची डायरी भरावी लागते, ती शेवटी बायकोच भरते, आईंना आधीच विचारा त्यांची तयारी आहे का!

आणि घरात कुणी कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण देत असेल तर ते सांगून टाका. त्यात खरोखरचा लेव्होडोपा असतो, लंडनमध्ये ८ पेशंटवर तपासलं तर असरही लवकर आला होता, त्यामुळे आयुर्वेदिक आहे म्हणून हिशेबात धरायचं नाही असं चालत नाही. गोळी न घेणाऱ्यांच्या ट्रायलमध्ये हे लपवलं तर सगळाच घोळ.

ट्रायल घ्या नाहीतर नका घेऊ, सायकल मात्र आजच आणा. घरात चालवायची ती. नेदरलँड्समध्येच १३० लोकांना सहा महिने आठवड्यातून तीनदा, अर्धा ते पाऊण तास घाम येईपर्यंत चालवायला लावली, तुलनेच्या गटाला नुसते स्ट्रेचिंग, आणि सायकलवाल्यांच्या हालचाली त्याच मोजपट्टीवर चार गुणांनी बऱ्या राहिल्या. वरच्या फ्रेंच इंजेक्शनपेक्षा कमी नाही हे, आणि मळमळ नाही. हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईकडे पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे गट चालतात. बाबांना तिथे एकदा नेऊन ट्रायलमध्ये जाऊन आलेल्या एखाद्या माणसाशी त्यांचं त्यांनाच बोलू द्या, आपण मधे पडायचं नाही. "उंदीर" प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून किंवा माझ्याकडून त्यांना पटायचं नाही.

सीटीआरआय नंबर मिळाला की इथेच टाका. अटींचं पान बघून कुठल्या ओळींवर प्रश्न विचारायचे ते सांगते, रात्री नऊनंतर असते मी ऑनलाइन.