घर विकून मोटरहोम? काका, आधी एक पावसाळा भाड्याच्या गाडीत काढा

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात मांडतो. तुमचं वय 62, काकूंचं 58. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये आयुष्य काढून तुम्ही निवृत्त झालात. मुलगा पुण्यात, मुलगी म्हापशात. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ दोन मजली घर आहे. 2004 साली जागा आणि बांधकाम धरून 14 लाख लागले, आता 95 लाखांचं गिऱ्हाईक दारात आहे. वरच्या मजल्याचं भाडं 11 हजार येतं. बँकेत ठेवी 46 लाख, म्युच्युअल फंडात 8 लाख, पीएफची पेन्शन महिन्याला 2,900. आता घर विकून दोघांनी कायम मोटरहोममध्येच, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकाची जागा आणि संडास असलेल्या गाडीतच राहायचं, असं तुमच्या मनात आहे. समोर दोन गाड्या आहेत. एक फोर्स ट्रॅव्हलरवर बांधून मिळणारी, सगळं धरून 36 लाखांची. दुसरी नऊ वर्षं वापरलेली 17 सीटची बस 9 लाखांना, तिच्यात उद्यमबागेतला तुमचा मित्र 7 लाखांत आतलं सगळं काम करून देणार. "यातली कुठली घेऊ?" एवढंच तुम्ही विचारलंय.

दोन्ही घेऊ नका. घर तर विकूच नका. फिरायला मात्र जरूर जा, आणि ते कसं जमेल तेही पुढं लिहितो.

तुमचं गणित चुकलेलं नाही, हे आधी कबूल करतो. 95 लाखांतून भांडवली नफ्यावरचा कर जाईल. घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असल्यामुळे महागाई निर्देशांक लावून (म्हणजे जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) 20 टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातला कमी पडेल तो कर तुम्हाला भरता येतो. तुमच्या आकड्यांना निर्देशांकाचा मार्ग स्वस्त पडतो, तरी अधिभार आणि उपकर धरून दहा-अकरा लाख गेलेच. घर विकून दुसरं घर घेतलं तर करात सूट मिळते. मोटरहोमला ती मिळणार नाही, कायद्याच्या लेखी ते वाहन आहे, घर नव्हे. सहा महिन्यांच्या आत 50 लाखांपर्यंत सरकारी कंपन्यांच्या करबचत रोख्यांत घातले तर कर बराच उतरतो, पण तो पैसा पाच वर्षं हलत नाही.

म्हणजे हातात 84 लाख. गाडीचे 36 गेले, उरले 48. त्यात आधीचे 54 मिळवले की 1 कोटी 2 लाख. सात टक्क्यांनी महिन्याला 59 हजारांच्या वर व्याज येतं. तुमचा फिरतीचा खर्च 50 हजारांच्या आसपास. कागदावर सगळं बसतं, आणि मला भीती नेमकी त्याचीच वाटते.

आठ वर्षं पुढं जाऊन बघा. तुम्ही सत्तरीत. गुडघे कुरकुरायला लागलेत, रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. आता एका जागी राहू या, असं काकू म्हणतात. घरांचे भाव वर्षाला सहा टक्क्यांनी जरी वाढले तरी तुमचंच हे घर तेव्हा दीड कोटीचं झालेलं असेल. तुमच्याकडं तेच 1 कोटी 2 लाख, कारण व्याज दर महिन्याला खर्चून झालेलं. आणि गाडी? विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा ठरीव तक्ता आहे. त्यात चार वर्षं उलटून पाचवं लागलं की गाडीची किंमत निम्मी धरतात. 36 चे 18. पाच वर्षांत 18 लाख म्हणजे महिन्याला 30 हजार. हे गाडीत राहण्याचं भाडंच म्हणा, फक्त ते कोणी मागायला येत नाही म्हणून दिसत नाही. शिवाय आपल्याकडं जुनं मोटरहोम विकत घेणारं गिऱ्हाईक किती, याचा विचार करा. टिळकवाडीतलं घर विकायला काढलं तर आठवड्यात चार जण विचारत येतात.

म्हणून ही वाट जाण्याची आहे, परत येण्याची नाही. माझ्या सल्ल्याचा सगळा भर परतीच्या वाटेवर आहे.

पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत: "मिसेस तयार आहे, फक्त देव कुठं ठेवायचे म्हणून विचारते." काका, या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. काकूंचा प्रश्न फळीचा नाही. गणपती कुठल्या घरात बसवायचा, दिवाळीला मुलीनं कुठं यायचं, तुम्हाला काही झालं तर मी कुठल्या दारानं आत जायचं, हे त्या विचारतायत. काकूंना गाडी चालवता येत नाही, असंही तुम्हीच लिहिलंय. उद्या तुम्ही आठ दिवस इस्पितळात पडलात तर ते चाकांवरचं घर जागचं हलणार नाही आणि काकूंना त्यात एकटीनं राहताही येणार नाही. याचं उत्तर बचत खात्यात नसतं.

आता गाड्यांकडं येतो. जुन्या बसचा मोह मला कळतो. उद्यमबागेतली माणसं लोखंडाचं काहीही करून देतील, त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. अडचण आरसी बुकाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल मनानं करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दंडाचं जाऊ द्या. आरसीवर 17 सीटची बस आणि आत पलंग, गॅस, बॅटऱ्या, अशा गाडीला आग लागली तर विमा कंपनी पहिला कागद तोच काढेल. सोळा लाख आणि संसार एका दमात जाईल. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेला कारखानदार असेल आणि आरसीवर 'मोटर कॅरॅव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' असं लिहून येणार असेल, तरच पुढं बोलायचं. ॲडव्हान्स देण्याआधी त्याच कारखान्याच्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची आरसी डोळ्यांनी बघा.

पासिंगचंही सांगून ठेवतो, कारण मुलगी म्हापशात आहे आणि हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. कर्नाटकात आजन्म कर भारी आहे, 20 लाखांवरच्या खासगी कारला 18 टक्के आणि वर उपकर. म्हणून गोवा पासिंग किंवा कोल्हापूरचं एमएच-09 करून घ्या म्हणतात. पण कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. गाडी टिळकवाडीत उभी आणि नंबर गोव्याचा, हे वर्षभरच चालतं. तुमच्या गाडीला कुठल्या वर्गात धरून किती कर लागेल, हे बेळगावच्या आरटीओकडून लेखी घ्या. मिनी बसच्या वर्गात गेली तर कारसाठी 3,000 रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पासही मिळत नाही, टोल प्रत्येक नाक्यावर पूर्ण लागतो.

36 लाखांच्या कोटेशनमधल्या सोयींची यादी मोठी आहे: 200 लिटरची टाकी, एसी, कपडे धुण्याचं मशीन. यातलं प्रत्येक वजन आहे. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो. काटकसरीनं वापरलं तरी दोघांना दिवसाला 60-70 लिटर लागतं, म्हणजे तिसऱ्या दिवशी नळ शोधायचा. आपण ऊसपट्ट्यातली माणसं, वजनकाट्याची आपल्याकडं कमी नाही. टाकी भरून, सामान भरून, दोघं बसून गाडी काट्यावर चढवा आणि पावतीवरचा आकडा आरसीवरच्या एकूण वजनमर्यादेशी ताडून बघा. शंभर-दोनशे किलोची सवड उरत नसेल तर घाटात ब्रेक आणि टायर त्याची वसुली करतील. एसीचंही तसंच. 12 व्होल्टच्या 200 अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण अडीच युनिट वीज मावते. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. दोन-अडीच तासांत खेळ संपला. छतावरच्या सोलरनं ती परत भरायला कडक ऊन लागतं, आणि जुलैत खानापूर-जांबोटीकडं ऊन किती दिवस दिसतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी स्वतः एकदा जुलैत पाहुण्यांबरोबर भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन चोर्ल्यामार्गे गोव्याकडं गेलो होतो. चार दिवस. दुसऱ्या रात्रीपासून गादीला ओल आली, ओले टॉवेल वाळवायला जागा नाही, आणि संडासाची टाकी रिकामी करायची कुठं, हे विचारत आम्ही तिसऱ्या दिवशी तीन पेट्रोल पंप फिरलो. महाराष्ट्रानं आणि केरळनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण रोजच्या रोज लागणारी पाणी, वीज आणि मैला सोडण्याची सोय गावोगावी अजून नाही. तरी मला ती सहल आवडली. घरी परतायचं होतं म्हणून आवडली, असं आता वाटतं.

माझी मांडणी अशी. घराचा तळमजला दोन भागांत करा. मागची खोली, मोरी आणि देवघर काकूंच्या किल्लीत राहू दे. पुढचा भाग भाड्यानं द्या, 9 हजार यायला हरकत नाही. वरचे 11 मिळून 20 हजार. ठेवींतले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 म्हणजे महिन्याला साडेवीस हजार पडतात, आणि दर पाच वर्षांसाठी पक्का होतो. खातं तुमच्या नावानं, काकू जोडीदार. त्या साठीच्या झाल्या की त्यांचं स्वतंत्र खातंही निघेल. पेन्शन धरून महिन्याला 43,400 झाले. 6 लाख हात न लावण्याचे, बँकेत. म्युच्युअल फंडातले 8 धरून उरले 18 लाख. त्यातले 16 गाडीला आणि 2 नावावर करणं, विमा, पहिली दुरुस्ती यांना. यापलीकडं एक रुपयाही नाही. कर्ज तर अजिबात नको.

16 लाखांत नवी ऐसपैस गाडी येणार नाही. आरसीवर कॅम्पर म्हणून नोंदलेली, वापरलेली, लहान गाडी शोधा. त्यात दिवसा न मोडता राहणारा पलंग हवा, काकूंना सरळ उभं राहून चहा करता आला पाहिजे, आणि तुमच्या गल्लीत ती वळली पाहिजे. एवढ्या तीन गोष्टी धरून बसा. महिन्याला 1,000 किलोमीटर फिरा. लिटरला 12 चं ॲव्हरेज आणि डिझेल नव्वदच्या घरात धरलं तर साडेसात हजार. विमा, सर्व्हिस, टायर यांचे 6 हजार, दहा रात्री पैसे देऊन थांबण्याचे 8, जेवणखाण आणि गॅस 13, औषधं-फोन 5. साडे एकोणचाळीस हजारांत बसतं. आठ महिने फिरा, पावसाचे चार महिने घरी या.

उरणारे 3,900 आरोग्य विम्याला लावा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि मला घरापाठोपाठ काळजी त्याचीच आहे. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून गाडी बघायच्या आधी पॉलिसी घ्या. हप्त्याला कमी पडलं तर 6 लाखांच्या व्याजातून घाला. पॉलिसीलाही पत्ता लागतो. बँकेची केवायसी, आधार, मतदार यादी, सगळं पत्त्यावर उभं आहे. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, तीही इथला रहिवासी असल्याच्या कागदावरच. आपल्या भागातल्या माणसानं इथलं नाव आणि इथला उतारा सहजासहजी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. थांबला नाही तर जाऊ दे. येत्या जुलै-ऑगस्टात 21 दिवस गाडी भाड्यानं घ्या, त्यासाठी 6 लाखांना हात न लावता म्युच्युअल फंडातून लागेल तेवढंच काढा आणि तेवढे गाडीच्या पैशांतून कमी धरा. कारवार, कोल्हापूर, पुणे, कुठंही जा, पण मुलाकडं किंवा मुलीकडं एकही रात्र काढू नका. रोजचा खर्च तुम्ही लिहा आणि रोजच्या अडचणी काकूंना वेगळ्या वहीत लिहू दे, तुमच्याशी न बोलता. परत आल्यावर दोन्ही वह्या मला पाठवा. कुठली गाडी घ्यायची, ते मी काकूंची वही वाचून सांगेन.